गेम डेव्हलपमेंटची पदवी नव्याने आखायची आहे: काय ठेवावं, काय काढावं?

अभ्यासमंडळ_सदस्य

चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या गेम डेव्हलपमेंट पदवीचा आराखडा नव्याने करायचा आहे. सध्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख, गणित आणि रेखाटन. दुसऱ्या वर्षी युनिटी हे इंजिन, म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर. तिसऱ्या वर्षी अनरियल हे दुसरं इंजिन आणि ऐच्छिक विषय. चौथ्या वर्षी गटाने करायचा प्रकल्प. कागदावर सगळं आहे. तरी बाहेर पडणाऱ्या मुलांकडे अर्धवट गेमचा ढीग असतो आणि पूर्ण झालेला एकही नसतो. मुलाखतीत इंजिन बाजूला ठेवून वेक्टरचा साधा प्रश्न आला की फे फे उडते. आणि प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

विचारायचं ते असं. इंजिन पहिल्याच सत्रात सुरू करावं की नंतर? गणित कुठलं आणि किती? वर्षभराचा प्रकल्प आठवड्यांत कसा बसवावा? आर्टच्या आणि डिझाइनच्या मुलांचा पोर्टफोलिओ उघडल्यावर स्टुडिओतले लोक नेमकं काय बघतात? ‘उद्योगाशी संवाद वाढवा’ छापाची उत्तरं आमच्या इतिवृत्तांत आधीच भरपूर आहेत. तास, आकडे आणि नेमक्या चुका सांगितल्यात तर उपयोग होईल.

सोळा_मिलिसेकंद

प्रोग्रॅमिंगपुरतं लिहितो.

इंजिन दुसऱ्या वर्षी, त्याआधी नाही. पहिल्या सत्रात नुसती भाषा, तीही काळ्या खिडकीत अक्षरांवर चालणाऱ्या छोट्या खेळांतून. दुसऱ्या सत्रात एसडीएल किंवा रेलिब ही तयार कोडची लायब्ररी घेऊन एक पूर्ण टू-डी गेम: खिडकी उघडणं, इनपुट वाचणं, गेम लूप (दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला फिरणारं चक्र), चौकोनांची टक्कर, आवाज, सुरुवातीचा मेन्यू, हरल्यावर पुन्हा सुरू होणं. शेवटच्या दोन गोष्टींना वेगळे गुण ठेवा, कारण नेमक्या त्याच सगळे सोडून देतात. ज्याने लूप स्वतः लिहिला आहे त्याला नंतर इंजिनमधलं ‘अपडेट’ कोण बोलावतं आणि कधी, हे वेगळं शिकवावं लागत नाही. थेट इंजिनने सुरुवात केलेल्या मुलांना ते शेवटपर्यंत जादूसारखं वाटत राहतं.

गणिताचं म्हणाल तर यादी छोटी आहे, पण हाताशी हवी: वेक्टरची बेरीज-वजाबाकी, लांबी, नॉर्मलाइझ करणं (दिशा तीच ठेवून लांबी १ करणं), डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट, मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम, क्वाटर्निअन (फिरवणं चार आकड्यांत मांडायची पद्धत) कशासाठी लागतं आणि ऑयलर कोनांत गिम्बल लॉक (दोन अक्ष जुळून फिरण्याची एक दिशा हरवणं) का होतो. कॅल्क्युलसचं अर्धं सत्र काढून इकडे द्या.

परीक्षेत इंजिनशिवाय कागदावर द्यायचा एक प्रश्न सुचवतो. पहारेकऱ्याच्या दृष्टीचा शंकू एकूण ९० अंशांचा, पल्ला १० मीटर. खेळाडू दिसतो का, ते ठरवा. उत्तर असं: खेळाडूच्या स्थानातून पहारेकऱ्याचं स्थान वजा करा. त्या वेक्टरच्या लांबीचा वर्ग १०० पेक्षा जास्त असेल तर तिथेच थांबा, वर्गमूळ काढायची गरजच नाही. नाहीतर तो वेक्टर नॉर्मलाइझ करून पहारेकऱ्याच्या समोरच्या दिशेशी डॉट प्रॉडक्ट घ्या आणि ४५ अंशांच्या कोसाइनशी, म्हणजे ०.७०७ शी ताडून बघा. जास्त आलं तर दिसतो. चुका ठरलेल्या आहेत. कोणी अर्ध्या कोनाऐवजी पूर्ण ९० चा कोसाइन घेतो, तो शून्य, मग पहारेकऱ्याला समोरचं अख्खं अर्धं जग दिसतं. कोणी रेडियनच्या जागी अंश देतो. कोणी नॉर्मलाइझ करत नाही. आणि दोघं एकाच जागी उभे असतील तर शून्य लांबीने भागाकार होतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. भिंतीमागचा खेळाडू दिसू नये म्हणून रेकास्ट (सरळ किरण सोडून मध्ये काही आडवं येतं का ते बघणं) लागेल, हे न विचारता ज्याने लिहिलं त्याला जास्तीचे गुण द्या.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. कॅमेरा हळूच मागे यावा म्हणून मुलं दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा ०.१ भाग कापतात. ६० फ्रेमच्या मशीनवर एका सेकंदानंतर ०.९ चा ६० वा घात, म्हणजे सुमारे ०.००१८ अंतर उरतं. ३० फ्रेमच्या मशीनवर ०.०४२. एकाच गेममधला कॅमेरा दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागतो आणि मग दोष मशीनला. त्या ०.१ च्या जागी ‘१ वजा ई चा उणे के गुणिले डेल्टा टाइम इतका घात’ (डेल्टा टाइम म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) घातला की प्रश्न सुटतो. ६० फ्रेमवर जी चाल होती तीच हवी असेल तर के सुमारे ६.३ ठेवा. त्याच जातीचा आणखी एक किडा: युनिटीच्या जुन्या इनपुट पद्धतीत ‘आत्ताच दाबलं’ ही खूण एकाच फ्रेमपुरती खरी असते आणि फिक्स्डअपडेट (भौतिकीसाठी ठराविक अंतराने चालणारा कोड) मूळ मांडणीत दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतो. काही फ्रेममध्ये तो चालतच नाही. तिथे उडीचं बटण वाचलं तर उडी मधूनच गिळली जाते. इनपुट अपडेटमध्ये वाचायचं, चलमध्ये जपायचं, बळ फिक्स्डअपडेटमध्ये लावायचं.

आणि तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक बिल्डसोबत (एडिटरबाहेर चालणाऱ्या तयार गेमसोबत) प्रोफायलरची, म्हणजे कशाला किती वेळ लागला ते मोजणाऱ्या साधनाची, नोंद सक्तीची करा. ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी ३३.३३, व्हीआरमध्ये ९० साठी ११.११. प्रयोगशाळेतलं सगळ्यात अशक्त मशीन ‘लक्ष्य मशीन’ म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करा. सरासरी फ्रेमरेट स्वीकारू नका. सरासरी ६० असते आणि दर काही सेकंदांनी कचरा (न लागणारी मेमरी) गोळा करताना एक फ्रेम ८० मिलिसेकंदांचा होतो. खेळणाऱ्याला बसतो तो तो धक्का. फ्रेमच्या वेळेचा आलेख मागा.

लॉक_केलेली_फाइल

‘माझ्या मशीनवर चालतंय’ या दुखण्यावर औषध आहे, फक्त ते दुसऱ्या वर्षापासून द्यावं लागतं. व्हर्जन कंट्रोलला (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवण्याला) स्वतंत्र विषय नको. प्रत्येक विषयाचं सबमिशनच रेपॉझिटरीतून (त्या इतिहासाच्या सामायिक साठ्यातून) घ्या, पेनड्राइव्ह आणि झिप बंद.

युनिटी आणि गिट (व्हर्जन कंट्रोलचं साधन) असेल तर: लायब्ररी, टेम्प, ऑब्ज, लॉग्ज ही फोल्डर पहिल्या कमिटच्या (इतिहासातल्या नोंदीच्या) आधी इग्नोरच्या यादीत गेली पाहिजेत. मेटा फाइल मात्र प्रत्येक अ‍ॅसेटसोबत (मॉडेल, चित्र, आवाज अशा प्रत्येक फाइलसोबत) जाणारच. ती राहिली तर दुसऱ्याच्या मशीनवर त्या अ‍ॅसेटला नवा ओळख क्रमांक मिळतो, जुने संदर्भ तुटतात आणि सीनमध्ये (गेमच्या एका दृश्यात) ‘मिसिंग’ची रांग लागते. सीरियलायझेशन (सीन वगैरे फाइलमध्ये साठवणं) टेक्स्ट स्वरूपात ठेवा. गिट एलएफएस (जड फाइल वेगळ्या ठेवायची सोय) पहिल्याच दिवशी लावा. नंतर लावलं तर आधीच इतिहासात शिरलेल्या जड फाइल तिथेच राहतात आणि इतिहास नव्याने लिहावा लागतो; गिटहब तर १०० एमबीवरची साधी फाइल घेतच नाही. हे सगळं प्रकल्पाच्या चौथ्या महिन्यात कळलं की गट दोन दिवस ठप्प.

अनरियलमध्ये अ‍ॅसेट बायनरी असतात, दोघांनी एकच फाइल बदलली तर मर्ज होत नाही, एकाचं काम जातं. म्हणून लॉक हवंच. परफोर्स (लॉक देणारं व्हर्जन कंट्रोल) ५ वापरकर्ते आणि २० वर्कस्पेसपर्यंत फुकट आहे. त्यात अ‍ॅसेटच्या प्रकारांना टाइपमॅपमध्ये (फाइलप्रकारांच्या यादीत) एकट्यानेच चेकआउट करण्याची खूण लावा. इंटरमीडिएट, सेव्ह्ड आणि डेराइव्हड डेटा कॅश बाहेर ठेवा. बायनरीज फोल्डरबद्दल थोडा विचार करा: सी++ असलेल्या प्रोजेक्टमध्ये आर्टिस्टच्या मशीनवर कंपायलर नसतो, त्यांना तयार बायनरी कुठून तरी मिळाल्या पाहिजेत, नाहीतर एडिटरच उघडत नाही.

एक सीन म्हणजे एक फाइल आणि सहा जण, ही मांडणीच चूक. लेव्हल तुकड्यांत पाडा, वस्तू प्रीफॅबमध्ये (पुन्हा वापरता येणाऱ्या तयार साच्यात) ठेवा, सीनमध्ये फक्त त्यांची मांडणी.

आणि दर रात्री आपोआप बिल्ड. एडिटरमध्ये चाललेला गेम बिल्डमध्ये पडण्याची कारणं मोजकीच असतात. एडिटरसाठीचा कोड एडिटर फोल्डरच्या बाहेर राहिला. फाइलचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लिहिला. नावात अक्षर लहान-मोठं झालं, ते विंडोजवर खपलं आणि लिनक्सवर अडलं. किंवा लक्ष्य मशीनवर व्हिज्युअल सी++चं रनटाइमच नव्हतं. ही कारणं रोज एकेक सापडली तर पाच मिनिटांची कामं आहेत. सादरीकरणाच्या आदल्या रात्री सगळी एकदम सापडली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

आता वेळापत्रक. त्याआधी एक हिशेब फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ६ विद्यार्थी, आठवड्याला प्रत्येकी १० तास, ३० आठवडे, म्हणजे १८०० तास. एका पूर्णवेळ माणसाचं वर्ष साधारण २००० तासांचं धरतात. सहा जणांचं अख्खं वर्ष म्हणजे एका माणसाचं एक वर्षसुद्धा नाही! ओपन वर्ल्ड आणि ऑनलाइन मल्टिप्लेअरचे प्रस्ताव या एका गुणाकाराने गळतात.

३० आठवड्यांची माझी वाटणी: आठवडे १ ते ४, प्रत्येक गटाचे तीन प्रोटोटाइप, त्यांतले दोन फेकून द्यायचे. ५ ते १२, प्री-प्रॉडक्शन. शेवटी व्हर्टिकल स्लाइस, म्हणजे ३ ते ५ मिनिटांचा खेळ पण अंतिम दर्जाचा, आवाज आणि मेन्यूसकट. तो करायला किती तास लागले ते मोजा आणि उरलेल्या तासांना त्याने भागा. गेम किती मोठा असेल ते तिथेच कळतं, कापाकापी त्याच आठवड्यात करा. १३ ते २२, अल्फा, म्हणजे सगळी फीचर्स आत. त्यानंतर नवीन कल्पना बंद. २३ ते २६, बीटा, सगळा मजकूर आत. २७ ते ३० फक्त दुरुस्ती.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर प्रसिद्ध करायचा असेल तर वेगळी तारीख धरा. १०० डॉलर शुल्क भरल्यापासून किमान ३० दिवस थांबावं लागतं, ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे दिसत राहावं लागतं, शिवाय पान आणि बिल्ड दोन्ही तपासले जातात. शुल्क २२ व्या आठवड्यापर्यंत भरलं नाही तर सत्र संपायच्या आत गेम बाहेर पडत नाही असंच समजा.

अभ्यासमंडळ_सदस्य

तासांचा गुणाकार उद्याच्याच बैठकीत मांडतो. इंजिन दुसऱ्या वर्षी आणायला मात्र विरोध होईल, मुलं प्रवेशच इंजिन बघून घेतात. आणि आर्ट-डिझाइनचं कोणी लिहाल का?

टेक्सेल_घनता

आर्टचं माझ्याकडे.

पोर्टफोलिओत तीन ते पाच कामं पुरेत. बघणारा सगळ्यात कच्च्या कामावरून अंदाज बांधतो, म्हणून पहिल्या वर्षाची कामं काढूनच टाका. गेमसाठीचं मॉडेल असेल तर नुसता सुंदर रेंडर अर्धवट पुरावा आहे. वायरफ्रेम (मॉडेलची जाळी), यूव्ही (चित्र पृष्ठभागावर कसं बसवलं त्याचा नकाशा), टेक्स्चरचे (त्या चित्रांचे) आकार, त्रिकोणांची संख्या आणि इंजिनमधलं चित्र, हे पाचही एकत्र हवं. सॉफ्टवेअर येतं की नाही हे कोणी फारसं विचारत नाही; त्रिकोण कुठे खर्च केले आणि का, हे विचारतात. दिसणार नाही अशा तळाला दाट जाळी आणि बाह्यरेषेवर खडबडीत कोपरे, हे एका नजरेत पकडलं जातं.

टेक्स्चरचा हिशेब तर तोंडपाठ असावा. ४०९६ बाय ४०९६, चार चॅनेल, प्रत्येकी ८ बिट, दाबलेलं नाही: ६४ एमबी. मिपमॅप (दुरून बघताना लागणाऱ्या छोट्या प्रती) धरले की आणखी एक तृतीयांश, म्हणजे ८५ च्या आसपास. बीसी७ या पद्धतीने दाबलं तर १६, मिपमॅपसह २१ च्या वर. २०४८ चं बीसी७ मात्र अवघं ४, मिपमॅपशिवाय. आता घनता ५१२ पिक्सेल प्रतिमीटर ठरली असेल तर एक मीटरच्या खोक्याच्या एका बाजूला ५१२ चं टेक्स्चर पुरतं. त्याला ४०९६ चं लावणारा विद्यार्थी मेहनती असेल, पण टीमला महाग पडतो. गट सुरू होतानाच एक घनता ठरवून कागदावर लिहा. नाहीतर एका खोलीत धारदार खुर्ची आणि धूसर भिंत शेजारीशेजारी येतात.

इंजिनमध्ये आणताना जे बिघडतं ते जवळपास नेहमी यांपैकीच असतं. अनरियलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर आणि वरची दिशा झेड. युनिटीत एक मीटर आणि वाय. मॉडेल शंभरपट मोठं किंवा लहान आलं किंवा आडवं पडलं तर तिथे बघा. खाचा उंचवट्यासारख्या दिसल्या तर नॉर्मल मॅपचा (खाचा-उंचवट्यांचा भास देणाऱ्या चित्राचा) हिरवा चॅनेल उलटा आहे: युनिटी ओपनजीएल पद्धत धरतं, अनरियल डायरेक्टएक्स. सगळं उगाच चकचकीत किंवा मळकट दिसत असेल तर रफनेस आणि मेटॅलिक मॅपवर एसआरजीबीची (रंगाचं चित्र असल्याची) खूण राहिली आहे. ती फक्त रंगाच्या टेक्स्चरला हवी.

परवान्यांकडे कोणी बघत नाही, म्हणून सांगते. मायासारख्या ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरचा शैक्षणिक परवाना व्यावसायिक कामासाठी चालत नाही. त्यात केलेली मॉडेल वापरून गेम विकायला काढला तर परवान्याचा भंग होतो. विकायची शक्यता असेल तर पहिल्या आठवड्यापासून ब्लेंडर हे फुकट थ्री-डी सॉफ्टवेअर वापरा. त्यात केलेलं काम करणाऱ्याचंच राहतं. फुकट उतरवलेले फॉन्ट आणि आवाज यांचीही एक तक्त्यात नोंद ठेवायला लावा: कुठून घेतलं, कोणता परवाना, श्रेय द्यावं लागतं का. शेवटी शोधायला बसलं की निम्म्यांचा माग लागत नाही.

शांत_निरीक्षक

सोळा_मिलिसेकंद यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. एसडीएल सगळ्यांनाच कशाला? डिझाइनच्या मुलांना पहिल्या सत्रात तयार इंजिन द्या, गोडो हे फुकट इंजिन द्या, पण दर तीन आठवड्यांना एक पूर्ण, टाकाऊ, पाच मिनिटांचा गेम घ्या. प्रवेशाच्या वेळी इंजिन दाखवायचं ते दाखवूनही होतं.

डिझाइनच्या पोर्टफोलिओत साठ पानांचा डिझाइन दस्तऐवज कोणी वाचत नाही. खेळता येणारी लेव्हल, तिचा वरून काढलेला नकाशा आणि चाचणीनंतर काय बदललं ते दाखवणारी दोन चित्रं ठेवा: आधीची आणि नंतरची, सोबत एका वाक्यात कारण. कारण ‘मला वाटलं’ असं नको, ‘पाचपैकी चौघं या दारापाशी मागे फिरले’ असं हवं.

चाचणी घेण्याचा शिस्तीने सराव लागतो. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि गप्प बसायचं. ‘तिकडे उडी मार ना’ हे तोंडातून निघालं की ती चाचणी बाद. कुठे थांबला, कुठे मेला, कुठे चुकीचं बटण दाबलं ते वेळेसकट लिहायचं. प्रश्न शेवटी, आणि ‘आवडला का’ हा नाहीच. ओळखीचा माणूस हो म्हणणार. ‘तुला काय करायचं होतं असं वाटलं’ हे विचारा. गटाबाहेरचे, दर वेळी नवे पाच जण पुरतात.

बग लिहिण्याला दोन तास द्या, पण द्याच. बिल्ड क्रमांक, मशीन, क्रमाने पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पाचपैकी किती वेळा होतं, गांभीर्य. ‘गेम कधीकधी अडकतो’ ही नोंद परत पाठवा. आणि चाचणीच्या यादीत मुलांना कधीच न सुचणाऱ्या गोष्टी घाला: खेळ चालू असताना कंट्रोलर काढला, खिडकी बदलून परत आलं, सेव्ह होत असताना बंद केलं. कंट्रोलर सुटला की गेमने थांबून सांगावं, ही कन्सोलच्या प्रमाणीकरणात बघितली जाणारी गोष्ट आहे.

सोळा_मिलिसेकंद

डिझाइनसाठी गोडो मान्य. प्रोग्रॅमरसाठी हट्ट कायम.

त्याचं कारण नोकरीचंही आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये या उद्योगातून हजारो लोकांना कमी केलं गेलं; नवख्यांच्या जागांवर तेव्हापासून अनुभवी माणसंही अर्ज करतात. फक्त एका इंजिनची बटणं येणाऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग हे विषय ‘गेमशी संबंध नाही’ म्हणून काढायची सूचना बैठकीत येईल, ती मानू नका. इंजिनचे धंदे कसे बदलतात तेही बघा: युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, एका वर्षाने मागे घेतलं. त्या वर्षात अनेकांनी इंजिन बदललं.

प्रकल्प छोटा ठेवण्याबद्दल मुलं ऐकत नसतील तर नारबॅक्युलर ड्रॉप दाखवा. डिजिपेन या अमेरिकेतल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये केलेला गेम, दोन दारं आणि त्यांतून जाणं एवढीच युक्ती. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने तो गट कामावर घेतला आणि त्या युक्तीचा २००७ मध्ये पोर्टल झाला. कल्पना एकच होती, पण दुसऱ्याला खेळून बघता येईल अशी पुरी केलेली होती.

लॉक_केलेली_फाइल

यावरून आठवलं. विद्यार्थ्यांच्या गेमची मालकी कोणाची, हे संस्थेच्या नियमांत आधी शोधा. काही संस्था स्वतःकडे हक्क ठेवतात आणि मुलांना ते विकायच्या वेळी कळतं. गटानेही पहिल्या आठवड्यात एक पानाचा करार करावा: हक्क कसे वाटायचे, कोणी मध्येच सोडलं तर त्याच्या कामाचं काय, श्रेयनामावलीत नाव कशावर, प्रसिद्ध करायचा निर्णय किती जणांच्या मताने.

अभ्यासमंडळ_सदस्य

शेवटचा प्रश्न, गुणांचा. गटातल्या कोणी किती काम केलं ते कमिटच्या संख्येवरून ठरवावं असा एक प्रस्ताव आहे. चालेल का?

लॉक_केलेली_फाइल

अजिबात नाही. सीन एकदा उघडून जतन केला की हजारो ओळी बदलल्यासारख्या दिसतात, आणि कमिटला गुण आहेत कळलं की मुलं स्वल्पविरामाचाही कमिट करतात. इतिहास पुरावा म्हणून बघा, मोजपट्टी म्हणून नको.

निम्मे गुण वैयक्तिक ठेवा आणि ते तोंडी परीक्षेत द्या. प्रत्येकाने स्वतःच्या म्हणून दाखवलेल्या कामातला एक तुकडा परीक्षकाने निवडायचा आणि तिथेच २० मिनिटांत एक बदल सांगायचा: पहारेकऱ्याला मागचा आवाज ऐकू येऊ दे, या शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या कोडमध्ये) ओलेपणा आण, ही खोली दोन दारांची कर. बदल पूर्ण झाला नाही तरी चालतं. कुठली फाइल उघडतो, कशाला हात लावतो आणि कशाला लावत नाही, यावरून काम कोणाचं ते कळतं. परीक्षकाने तो तुकडा आदल्या दिवशी स्वतः उघडून बदल करून बघितलेला असावा, नाहीतर २० मिनिटांत न होणारं काहीतरी सांगितलं जातं.